थिबा राजवाडा : वास्तू, बंदिवास आणि वस्तुसंग्रहालय – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

वसाहतकालीन वास्तूंचे वस्तुसंग्रहालयात रूपांतर होणे ही स्वातंत्र्योत्तर भारतात सर्वत्र दिसून येणारी प्रक्रिया आहे. संस्थानिकांचे वाडे, इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले, राष्ट्रीय नेत्यांची निवासस्थाने अशा अनेक इमारती आज संग्रहालये म्हणून ओळखल्या जातात. अशा वास्तूत दोन गोष्टी एकाच वेळी प्रदर्शित होत असतात. एक म्हणजे दालनात मांडलेल्या वस्तू आणि दुसरी म्हणजे स्वतः ती वास्तू. पैकी पहिलीची नोंद, वर्गीकरण आणि वर्णन होते. दुसरी मात्र केवळ छप्पर आणि भिंती पुरविणारी पार्श्वभूमी ठरते. परिणामी, ज्या घरात आपण उभे आहोत ते घर कोणी, कोणासाठी आणि का बांधले, हा मूलभूत प्रश्न दर्शकाच्या मनात उत्पन्नच होत नाही.

रत्नागिरी येथील थिबा राजवाडा हे या प्रश्नाचे अतिशय बोलके उदाहरण होय. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याच्या वास्तव्यासाठी ब्रिटिश सरकारने ही वास्तू उभारली. १९१० मध्ये राजकुटुंब तेथे राहावयास आले. पुढे या वास्तूचा सरकारी आणि शैक्षणिक कामांसाठी उपयोग झाला व कालांतराने तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय स्थापन झाले. पर्यटकांच्या दृष्टीने हे रत्नागिरीतील एक प्रेक्षणीय स्थळ आहे. परंतु 'राजवाडा' या शब्दाने जे वैभव सूचित होते, ते या वास्तूच्या इतिहासाशी कितपत जुळते? येथे राहणारा राजा हा राज्य करणारा राजा नव्हता, तो राजबंदी होता. तेव्हा या घराला राजवाडा म्हणावे की तुरुंग, आणि संग्रहालय म्हणून त्याने दर्शकाला काय सांगावे, या प्रश्नांची चर्चा प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कोनबाँग घराण्याची स्थापना १७५२ मध्ये अलाँगपया याने केली. या घराण्यातील मिंडॉन राजाने १८५७ मध्ये मंडाले या नव्या राजधानीचा पाया घातला. मिंडॉनच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये त्याचा पुत्र थिबा गादीवर आला. १८५९ मध्ये जन्मलेल्या थिबाचे शिक्षण बौद्ध विहारात झाले होते आणि पाली धर्मग्रंथांच्या अभ्यासात त्याने प्रावीण्य मिळविले होते. राज्यकारभाराचा अनुभव मात्र त्याला नव्हता. त्याच्या कारकिर्दीच्या प्रारंभीच, १८७९ मध्ये, गादीचे संभाव्य वारस म्हणून राजघराण्यातील अनेक स्त्री-पुरुषांची हत्या करण्यात आली. राणी सुपयालत आणि तिच्या मातेचा या घटनेतील वाटा इतिहासकारांनी नोंदविला आहे. थिबाच्या पदच्युतीचे समर्थन करताना ब्रिटिशांनी या हत्याकांडाचा भरपूर उपयोग करून घेतला.

युद्धाचे तात्कालिक कारण मात्र सागवानी लाकूड हे होते. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे ब्रह्मदेशातील जंगले तोडण्याचे ठेके होते. तोडलेल्या ओंडक्यांची संख्या कमी दाखवून राजाची देणी बुडविल्याचा आरोप ठेवून १८८५ मध्ये मंडालेच्या मंत्रिमंडळाने कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रान्सशी वाढत असलेल्या ब्रह्मदेशाच्या संबंधांमुळे ब्रिटिश आधीच अस्वस्थ होते. दंडाचे निमित्त साधून ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता पाठविण्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये जनरल प्रेंडरगास्टच्या नेतृत्वाखाली सैन्य इरावती नदीतून वर सरकले. अवघ्या दोन आठवड्यांत मंडाले पडले. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा आणि राणी यांना राजप्रासादातून बाहेर काढून आगबोटीवर चढविण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात विलीन केल्याची घोषणा झाली. त्यानंतरही ब्रह्मी जनतेचा सशस्त्र प्रतिकार काही वर्षे चालू राहिला, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. राजा देशाबाहेर असणे ब्रिटिशांना का आवश्यक वाटत होते, त्याचे उत्तर या प्रतिकारात आहे.

राजकुटुंबाला प्रथम रंगूनहून मद्रासला आणि तेथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. रत्नागिरीची निवड हेतुपुरस्सर होती. त्या काळी हे गाव मुंबईशी प्रामुख्याने समुद्रमार्गाने जोडलेले होते. पावसाळ्यात किनाऱ्यावरील बोटी बंद होत आणि सह्याद्रीच्या पलीकडे जाण्यास घाट ओलांडावा लागे. रेल्वे तर रत्नागिरीत येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. बाहेरच्या जगापासून दूर, परंतु मुंबई सरकारच्या नजरेखाली, असे हे ठिकाण होते.

याच साम्राज्याने २७ वर्षांपूर्वी उलट दिशेने हाच प्रयोग केला होता. दिल्लीचा अखेरचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याला १८५८ मध्ये रंगूनला पाठविण्यात आले आणि १८६२ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात, अशी ही अदलाबदल योगायोगाची नव्हती. राजाला ठार मारल्यास तो हुतात्मा होतो, आपल्याच भूमीत ठेवल्यास बंडाचे केंद्र होतो. परक्या भाषेच्या मुलखात ठेवल्यास मात्र तो हळूहळू विस्मरणात जातो, हा यामागील व्यवहार होता.

सात, तीस आणि सहा वर्षे

थिबाच्या आयुष्याचे कालविभाजन या वास्तूच्या आकलनासाठी महत्त्वाचे आहे. त्याने राज्य केले ते सात वर्षे. रत्नागिरीत तो बंदिवासात होता तो तीस वर्षांहून अधिक काळ. आणि ज्या वास्तूला त्याचे नाव मिळाले, त्या वास्तूत तो राहिला केवळ सहा वर्षे. नोव्हेंबर १९१० मध्ये तो या घरात आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, तेथेच त्याचा मृत्यू झाला.

त्यापूर्वीची सुमारे चोवीस वर्षे राजकुटुंबाने इंग्रज अधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या बंगल्यांत काढली. हे बंगले राजाच्या परिवाराला अपुरे आणि अयोग्य होते. जागेविषयी आणि तनख्याविषयी राजाने सरकारकडे वारंवार तक्रारी केल्या. सोबत आणलेले जडजवाहीर विकून खर्च भागविण्याची वेळ त्याच्यावर आली. राजकुटुंबावर देखरेख ठेवण्यासाठी सरकारी अधिकारी नेमलेला असे आणि बाहेर जाण्या-येण्यावर बंधने होती. धाकट्या राजकन्येचा जन्म १८८७ मध्ये रत्नागिरीतच झाला. चारही राजकन्या याच वातावरणात वाढल्या. त्यांना योग्य शिक्षण मिळाले नाही आणि त्यांच्या विवाहाचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला.

हा सर्व इतिहास राजवाड्यापूर्वीचा आहे. म्हणूनच 'थिबा राजवाडा' पाहिल्याने थिबाचा बंदिवास पाहिला असे होत नाही. राजा उमेदीत असताना, सुटकेची आशा जिवंत असताना ज्या बंगल्यांत राहिला ते लोकस्मृतीतून जवळजवळ पुसले गेले आहेत. आज टिकून आहे ते त्याच्या उतारवयातील घर. सरकारने राजाला प्रशस्त घर दिले, परंतु ते दिले तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता आणि मायदेशी परतण्याची शक्यता उरलेली नव्हती. या दृष्टीने पाहता राजवाड्याचे बांधकाम हे औदार्याचे चिन्ह कमी आणि बंदिवास कायम असल्याची लेखी कबुली अधिक ठरते. तात्पुरत्या कैद्यासाठी कोणी नवे घर बांधत नाही.

वास्तुरचना

राजवाडा रत्नागिरीत उंचावर, भाट्याच्या खाडीकडे आणि अरबी समुद्राकडे दृष्टी जाईल अशा जागी उभा आहे. तांबड्या रंगाच्या भिंती, कोकणातील मुसळधार पावसाला साजेशी उतरती छपरे, प्रशस्त सज्जे आणि कोरीव लाकडी काम असलेल्या अर्धवर्तुळाकार खिडक्या ही या मजली इमारतीची ठळक वैशिष्ट्ये होत. खिडक्यांतील रंगीत काचा आणि संगमरवरी फरशीचे दालन यांमुळे अंतर्भागाला दरबारी थाट प्राप्त झाला आहे. बांधकामात ब्रह्मदेशी सागवान वापरल्याचे सांगितले जाते. इमारतीच्या मागील बाजूस बुद्धमूर्ती असून ती राजाने आणल्याचे परंपरेने मानले जाते.

शैलीच्या दृष्टीने ही वास्तू कोणत्याही एका परंपरेत बसत नाही. व्हरांडे, सज्जे, उंच दालने आणि हवेशीर रचना ही वसाहतकालीन बंगल्याची लक्षणे आहेत. उतरती छपरे कोकणाची आहेत. लाकडी कोरीव काम आणि छपरांची मांडणी पाहून काहींना ब्रह्मी वास्तुकलेची आठवण होते. परंतु हे साम्य वरवरचे आहे. मंडालेच्या राजप्रासादाशी तुलना केली असता दोहोंमधील अंतर स्पष्ट होते.

मंडालेचा प्रासाद हा सागवानी लाकडाच्या, एका उंच चौथऱ्यावर उभारलेल्या अनेक दालनांचा समूह होता. त्याची मुख्य दालने एकमजली होती. कोणाच्याही पायाखाली आपले मस्तक येणे हे ब्रह्मी संस्कृतीत अपमानास्पद मानले जाते. राजाच्या मस्तकावर मजला असणे त्यामुळे अशक्यच होते. प्रतिष्ठा दाखविली जाई ती मजल्यांनी नव्हे, एकावर एक चढत जाणाऱ्या छपरांच्या थरांनी. प्रमुख सिंहासनावर सात थरांचा निमुळता मनोरा होता आणि तो विश्वाच्या मध्यबिंदूचे प्रतीक मानला जाई. प्रासाद, तटबंदी आणि खंदक यांची संपूर्ण मांडणी भूमितीय होती. राजा जेथे बसतो ते जगाचे केंद्र, हा त्या मांडणीचा अर्थ होता.

रत्नागिरीच्या राजवाड्यात यापैकी काहीही नाही. ना केंद्र, ना मनोरा, ना तटबंदीने सीमित केलेली राजनगरी. दरबारी दालन आहे, परंतु दरबार नाही. सज्जा आहे, परंतु दर्शनाला येणारी प्रजा नाही. वास्तूची बाह्य अंगे राजेशाहीची आणि तिचा कार्यक्रम मात्र एका मोठ्या कुटुंबाच्या निवासाचा, अशी येथे फारकत आहे. ही विसंगती वास्तुकाराच्या उणिवेतून आलेली नाही. राजत्वाची खूण ठेवायची आणि सत्तेची खूण काढून टाकायची, अशी परस्परविरोधी अपेक्षा या वास्तूकडून होती आणि ती तिने पूर्ण केली आहे.

दिशेचा प्रश्नही असाच अर्थपूर्ण आहे. सज्जात बसून दुर्बिणीतून समुद्र न्याहाळणारा राजा ही प्रतिमा रत्नागिरीच्या लोकस्मृतीत दृढ झाली आहे. या प्रतिमेतील करुणा खरी असली तरी तिच्यात एक भौगोलिक उपरोध दडलेला आहे. तो समुद्र पश्चिमेचा आहे. ब्रह्मदेश पूर्वेला, राजाच्या पाठीमागे, सह्याद्री, दख्खन आणि बंगालचा उपसागर यांच्या पलीकडे होता. राजासमोर उलगडलेले विस्तीर्ण दृश्य त्याच्या देशाकडे नेणारे नव्हतेच.

लाकडाचा उल्लेख येथे पुन्हा करावा लागतो. ज्या सागवानाच्या व्यापारातून युद्ध उद्भवले, त्या व्यापाराचे सूत्रचालक मुंबईत होते. राजाला कैदेत ठेवणारे सरकारही मुंबईचेच होते. आणि परंपरा म्हणते त्याप्रमाणे राजवाड्यातील लाकूड ब्रह्मदेशी असेल, तर राजाच्या जंगलातून निघालेला माल त्याच्याच कैदखान्याच्या तुळया आणि खिडक्या होऊन त्याच्यापर्यंत पोहोचला असे म्हणावे लागेल. वास्तूचे हे साहित्य सौंदर्यदृष्ट्या वाखाणले जाते. त्याचा आर्थिक इतिहास मात्र सहसा सांगितला जात नाही.

मंडाले आणि रत्नागिरी

या वास्तूचा विचार मराठी वाचकाला आणखी एका संदर्भामुळे जवळचा वाटला पाहिजे. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीत झाला. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेच्या तुरुंगात करण्यात आली. हा तुरुंग थिबाच्या जुन्या राजधानीतील किल्ल्याच्या आवारात होता. त्या किल्ल्याला ब्रिटिशांनी फोर्ट डफरिन असे नाव दिले होते. १९१० च्या नोव्हेंबरपासून १९११ च्या मार्चपर्यंत टिळकांनी तेथे 'गीतारहस्य' लिहिले. त्याच नोव्हेंबर महिन्यात थिबा रत्नागिरीतील नव्या घरात राहावयास आला.

म्हणजे एकाच वेळी रत्नागिरीचा सुपुत्र थिबाच्या राजनगरीत कैदी होता आणि मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी कैदी होता. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. दोन्ही ठिकाणी एकच यंत्रणा काम करीत होती. बंदीला त्याच्या भाषेपासून आणि माणसांपासून तोडणे हे तिचे साधन होते. पुढे १९२४ ते १९३७ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनाही रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले. रत्नागिरीचा इतिहास हा अशा रीतीने स्थानबद्धतेचाही इतिहास आहे.

तथापि या तीन बंदींच्या स्मृतीत मोठा भेद आहे. टिळकांचे जन्मस्थान स्मारक म्हणून जतन झाले आहे आणि मंडालेचा तुरुंगवास प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक असतो. सावरकरांच्या स्थानबद्धतेचा काळही शहराच्या स्मृतीत जागा आहे. थिबा मात्र प्रेक्षणीय स्थळाचे नाव होऊन राहिला. टिळक मंडालेला का गेले हे ज्याला सांगता येते, त्याला थिबा रत्नागिरीला का आला हे बहुधा सांगता येत नाही. एकाच इतिहासाच्या दोन बाजूंपैकी एकच बाजू स्मरणात राहावी, ही आपल्या इतिहासशिक्षणातील उणीव आहे.

घराचे संग्रहालय होताना

थिबाच्या मृत्यूनंतर राणी सुपयालत हिने राजाचा देह ब्रह्मदेशात नेण्याची इच्छा व्यक्त केली होती. सरकारने ती मान्य केली नाही. अखेर १९१९ मध्ये राजाचा देह रत्नागिरीतच समाधिस्थ करण्यात आला. १९१२ मध्ये निवर्तलेली धाकटी राणी सुपयागले हिची समाधीही तेथेच आहे. त्याच वर्षी राजकुटुंबाला ब्रह्मदेशात परतण्याची परवानगी मिळाली. सुपयालतचा मृत्यू १९२५ मध्ये रंगूनमध्ये झाला. थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीला परतली आणि १९४७ मध्ये तेथेच निवर्तली. राजवाड्यातील एका मराठी सेवकापासून तिला झालेल्या मुलीचा वंश रत्नागिरीच्या सामान्य जनजीवनात मिसळून गेला. ब्रह्मदेशाच्या राजाचे वंशज मराठी बोलू लागले, ही या इतिहासाची सर्वांत अनपेक्षित आणि सर्वांत मानवी परिणती होय.

राजवाड्यातील शासकीय संग्रहालयाचे स्वरूप प्रादेशिक आहे. कोकणातील शिल्पे आणि पुरावशेष यांचे जतन हे त्याचे एक कार्य, तर राजकुटुंबाची स्मृती जपणे हे दुसरे. पहिले कार्य आवश्यकच आहे, याविषयी दुमत असू नये. मात्र दोन्ही कार्ये एकाच छपराखाली आली म्हणजे दर्शकाचा गोंधळ उडतो. कोकणातील शिल्पांचा थिबाशी काही संबंध नाही आणि थिबाशी संबंधित वस्तू फार थोड्या आहेत. त्यामुळे वास्तू हा प्रदर्शनाचा विषय न राहता प्रदर्शनाचे पात्र बनते.

राजाच्या वस्तू थोड्या का, हा प्रश्न विचारला की संग्रहालयाच्या रिकामेपणाचा अर्थ उलगडू लागतो. मंडाले पडले तेव्हा राजप्रासादातील संपत्तीची मोठ्या प्रमाणावर लूट झाली. राजचिन्हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेली आणि १९६४ मध्ये ती ब्रह्मदेशाला परत करण्यात आली. मंडालेचे सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेवण्यात आले होते, ते १९४८ मध्ये परत गेले. 'नगा माऊक' या नावाने प्रसिद्ध असलेले राजाचे माणिक नाहीसे झाले आणि त्यासाठी राजकुटुंबाने केलेले अर्जविनंत्यांचे प्रयत्न निष्फळ ठरले. जे सोबत आणले होते ते तीस वर्षांत विकले गेले. अशा राजाच्या घरात वैभवशाली वस्तू सापडणार नाहीत, हे उघड आहे. तेव्हा दालनांचे रिकामेपण ही संग्रहालयाची लाजिरवाणी उणीव मानण्याचे कारण नाही. ते रिकामेपण हाच येथील सर्वांत विश्वसनीय पुरावा आहे. फक्त तो पुरावा आहे हे दर्शकाला सांगितले गेले पाहिजे.

या संदर्भात पुण्याच्या आगाखान पॅलेसशी तुलना उद्बोधक ठरते. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधलेल्या या महालात ऑगस्ट १९४२ पासून महात्मा गांधी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई आदींना स्थानबद्ध केले होते. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाईंचा आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचा मृत्यू तेथे झाला. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू राष्ट्राला अर्पण केली. तेथील स्मारकात महालाचे ऐश्वर्य दुय्यम असून स्थानबद्धता हा केंद्रविषय आहे. दर्शक तेथून बाहेर पडतो तो एका बंदिवासाची जाणीव घेऊन. म्हणजे पुण्यात महाल म्हणून बांधलेली वास्तू तुरुंग म्हणून वाचली जाते, तर रत्नागिरीत बंदिवासासाठी बांधलेली वास्तू महाल म्हणून वाचली जाते.

या भेदाचे कारण वास्तूंमध्ये नाही. गांधीजींचा बंदिवास भारतीय राष्ट्राच्या कथेचा भाग आहे. थिबाचा बंदिवास त्या कथेत बसत नाही, कारण तो आपला राजा नव्हता. शिवाय त्याला पदच्युत करणाऱ्या सैन्यात हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते आणि त्या युद्धाचा खर्चही हिंदुस्थानच्या तिजोरीतून झाला होता. वसाहतवादाचे बळी म्हणून स्वतःकडे पाहण्याची आपल्याला सवय आहे. त्याच वसाहतवादाची साधने म्हणून आपला उपयोग झाला होता, ही गोष्ट पाहणे अवघड जाते. थिबा राजवाडा ही अवघड गोष्ट दाखवू शकणाऱ्या महाराष्ट्रातील मोजक्या वास्तूंपैकी एक आहे.

साहित्य आणि संशोधनातील दखल

या विषयाची दखल प्रामुख्याने इंग्रजी लेखनाने घेतली आहे. डब्ल्यू. एस. देसाई यांनी थिबाच्या हिंदुस्थानातील वास्तव्यावर लिहिलेला ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' (२०००) या कादंबरीने हा इतिहास जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचविला. सुधा शाह यांच्या 'द किंग इन एक्झाइल' (२०१२) या ग्रंथाने राजाबरोबरच राणी, राजकन्या आणि त्यांचे वंशज यांच्या जीवनाचा सविस्तर मागोवा घेतला. राजवाडा महाराष्ट्रात असूनही, त्याच्याशी निगडित माणसांपैकी अनेक मराठी भाषक असूनही, मराठीतील संशोधनाने या विषयाला द्यावे तितके महत्त्व दिलेले नाही. राजकुटुंबाची सेवा करणारे, त्यांना माल पुरविणारे, त्यांच्याकडे ये-जा करणारे रत्नागिरीकर या इतिहासाचे साक्षीदार होते. त्यांच्या घराण्यांतून चालत आलेल्या आठवणी काळाच्या ओघात नाहीशा होत आहेत.

राजकीय पातळीवर मात्र या स्थळाचे महत्त्व अलीकडच्या काळात ओळखले गेले. म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये रत्नागिरीस भेट देऊन थिबाच्या समाधीचे दर्शन घेतले. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त त्याचे वंशज समाधीस्थळी एकत्र आले. ज्या राजाचा देह स्वदेशी नेऊ दिला गेला नाही, त्याच्यापर्यंत त्याचा देश शंभर वर्षांनी आला.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. बंदिवासाविषयी सहानुभूती वाटताना थिबाच्या राजवटीचे उदात्तीकरण होऊ नये. १८७९ चे हत्याकांड हा त्याच्या कारकिर्दीवरील डाग आहे आणि संग्रहालयाने तो झाकण्याचे कारण नाही. अन्याय झालेली व्यक्ती निष्कलंक असलीच पाहिजे असा नियम नाही. त्याचप्रमाणे ती निष्कलंक नव्हती म्हणून तिच्यावरील अन्याय न्याय्य ठरत नाही. ब्रिटिशांनी केलेला युक्तिवाद नेमका हाच होता.

विशेष म्हणजे वास्तूचे रूपांतर कसे करावे याचा एक नमुना स्वतः थिबानेच घालून दिला होता. ज्या दालनात मिंडॉनचा मृत्यू झाला, ते दालन त्याने राजप्रासादातून उतरवून बाहेर नेले आणि तेथे विहार म्हणून पुन्हा उभारले. हाच मंडालेचा श्वेनांदॉ विहार होय. मार्च १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धात मंडालेचा राजप्रासाद जळून भस्मसात झाला. बाहेर नेलेले ते एक दालन मात्र वाचले. मृत्यूचे घर लपविण्याऐवजी त्याला नवा अर्थ देण्याची ही कृती होती. रत्नागिरीतील ज्या घरात थिबाचा मृत्यू झाला, त्या घराच्या बाबतीत आपल्याकडून एवढीच अपेक्षा करता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. थिबा राजवाडा ही नावाने राजवाडा असली तरी हेतूने स्थानबद्धतेची वास्तू आहे. तिच्या रचनेत राजत्वाची बाह्य चिन्हे आणि सत्तेचा अभाव यांची जाणीवपूर्वक सांगड घातलेली दिसते.

२. मंडालेच्या प्रासादाशी या वास्तूचे साम्य वरवरचे असून ती मूलतः कोकणातील हवामानाला अनुरूप अशी वसाहतकालीन निवासी इमारत आहे.

३. संग्रहालयातील वस्तूंची अल्पता हा वसाहतवादी लुटीचा आणि दीर्घ बंदिवासाचा परिणाम आहे. त्या अल्पतेचा इतिहास सांगणे हेच संग्रहालयाचे महत्त्वाचे कार्य ठरू शकते.

४. प्रत्येक दालनात त्या दालनाचा मूळ उपयोग, राजकुटुंबाच्या बंदिवासाचा कालक्रम, तत्कालीन सरकारी पत्रव्यवहाराच्या प्रती आणि मंडालेच्या प्रासादाचा आराखडा मांडल्यास कोणतीही नवी वस्तू न मिळवताही हे संग्रहालय अर्थपूर्ण होईल. ही माहिती मराठी आणि इंग्रजीबरोबरच ब्रह्मी भाषेतही असणे उचित होईल.

५. मंडालेतील टिळक आणि रत्नागिरीतील थिबा यांचे समकालीन बंदिवास एकत्र मांडल्यास विद्यार्थ्यांना साम्राज्यवादाची कार्यपद्धती एका दृष्टिक्षेपात समजू शकेल.

६. राजकुटुंबाशी संबंध आलेल्या रत्नागिरीकरांच्या कौटुंबिक आठवणी मराठीत नोंदविण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तातडीने हाती घ्यावयास हवे.

वास्तू स्वतःहून बोलत नाही. तिला कोणते प्रश्न विचारले जातात यावर तिचे उत्तर अवलंबून असते. थिबा राजवाड्याला आजवर प्रामुख्याने त्याच्या सौंदर्याविषयी विचारले गेले आणि त्याने रंगीत काचा, कोरीव खिडक्या आणि समुद्राचे दृश्य दाखविले. तेथे राहिलेल्या माणसाविषयी विचारले, तर तीस वर्षे परक्या गावात काढलेल्या एका राजाची आणि त्याच्या घरात वाढून याच मातीत रुजलेल्या एका वंशाची हकीकत ही वास्तू सांगू शकेल. ती हकीकत रत्नागिरीचीही आहे.